नोस्केच्या भिंतीवरचा पाऊस

यालूना या गावात घराला नाव लागतं ते त्यात राहणाऱ्याचं नव्हे, ते सोडून गेलेल्याचं. एव्हिस पास्को लग्न होऊन त्या दगडी घरात आली ती एकोणीसशे सहासष्टच्या फेब्रुवारीत, आणि पुढची त्रेपन्न वर्षं तिथं राहिली. तिची मुलगी तिथं वाढली, तिचा नवरा क्लेम तिथंच गेला. पण एवढ्या वर्षांत गावानं त्या घराला कधी पास्कोचं म्हटलं नाही. 'नोस्केच्या फाटकापासून डावीकडं वळ.' 'नोस्केच्या तळ्यात मेंढी रुतलीय.' नोस्के मंडळी एकोणीसशे एकतीस सालीच निघून गेली होती. त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं माणूसही गावात उरलं नव्हतं.

क्लेम अधूनमधून चिडायचा. "माझ्या बापानं ही जमीन घेतली, मी ती आयुष्यभर नांगरली, आणि नाव त्या नोस्केचं."

"आपण गेलो की म्हणतील पास्कोचं," एव्हिस म्हणायची. ती थट्टा असायची.

क्लेम गेल्यावर वर्षभरानं तिनं जमीन शेजारच्या रॉस मर्टनला दिली आणि गावात, पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली. पुढच्याच आठवड्यात दुकानात पाव घेताना मागून कुणीतरी म्हणालं, "पास्कोच्या पुढं रस्ता खचलाय, जपून जा." एव्हिसनं पाव पिशवीत ठेवला आणि ती बाहेर पडली. घरी पोचेपर्यंत वाटेत भेटलेल्या कुणाशीही ती बोलली नाही.

याला पाच वर्षं झाली. बुधवारी आणि शनिवारी, दहा ते बारा, ती गावाचं संग्रहालय उघडायची. संग्रहालय हा शब्दही मोठाच झाला. जुन्या सभागृहाची एक खोली, तीन काचेची कपाटं, लोकर कातरायच्या कात्र्या, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सतरा मुलांच्या नावांची पाटी आणि भिंतीवर गावाचा अठराशे एकोणऐंशीचा नकाशा. येणारे महिन्याला पाच-सहा. त्यांतही निम्मे स्वच्छतागृह शोधत आलेले. एव्हिस त्यांनाही नकाशा दाखवूनच सोडायची.

यंदाच्या जानेवारीत एका दुपारी रॉस तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. साठी ओलांडलेला, आडव्या हाडाचा माणूस. टोपी हातात.

"एव्हिस, एक बोलायचंय. रागावू नकोस."

"तू बूट पुसून आत आलायस, म्हणजे वाईटच बातमी असणार."

"घर पाडावं लागेल गं. पूर्वेकडची भिंत सुटलीय. परवा छपराचा पत्रा उडून कुंपणापलीकडं पडला. उद्या कुणी फिरायला म्हणून आत शिरलं आणि..."

"पाड."

"एवढ्यात नाही, पेरणीच्या सुमारास..."

"पाड म्हटलं ना. चहा घेणार की उभ्यानंच जाणार?"

रॉसनं चहा घेतला, खजुराचे दोन स्कोन खाल्ले आणि सुटल्यासारखा गेला. एव्हिस कप विसळत राहिली. घराचं तिला एवढं नव्हतं. दगडाचं घर, कधी ना कधी पडायचंच. तिच्या डोळ्यांपुढं आली ती कोठीची भिंत.

त्या घराच्या कोठीत, पिठाच्या पिंपामागं, एक भिंत होती जिला कधी चुना लावला गेला नाही. तिच्यावर पेन्सिलनं वर्षाला एकच ओळ लिहिलेली असायची. पेरणीचा, म्हणजे तिथल्या एप्रिल-मेमधला, पहिला पाऊस ज्या दिवशी पडला ती तारीख, आणि किती पडला तो आकडा. रोजच्या पावसाला वही होती, भिंतीवर फक्त हा. ज्या वर्षी पेरणीचा पाऊस आलाच नाही, त्या वर्षापुढं आडवी रेघ. हर्मन नोस्केनं ती एकोणीसशे नऊ साली सुरू केली, क्लेमच्या बापानं पुढं चालवली, मग क्लेमनं. यालूनात माणूस वय चोरतो, मेंढ्यांचा आकडा फुगवतो, पकडलेल्या माशाची लांबी हातभर वाढवतो. पावसाचा आकडा मात्र कुणी खोटा सांगत नाही. शेजाऱ्याचं भलं चिंतत नसलेला माणूसही त्याला आपला पाऊस खरा सांगतो.

संग्रहालयाच्या समितीनं ठरवलं की घर पडण्याआधी ती भिंत उतरवून घ्यायची, वहीत, ओळीनं. गावाचा शंभर वर्षांचा पाऊस होता तो. समिती म्हणजे तीन माणसं, आणि त्यांतलं लिहिणारं माणूस एक एव्हिस. तिनं मान डोलावली. पण भिंतीवरची शेवटची ओळ खोटी होती. तिच्या हातची होती, आणि ती खोटी आहे हे एकट्या तिलाच माहीत होतं.

फेब्रुवारीत तिनं एक पत्र लिहिलं. जुन्या कागदांत हर्मन नोस्केच्या पणतूचा पत्ता सापडला होता. लायल नोस्के, निवृत्त पोस्टमन, ॲडलेड. 'तुमच्या पणजोबांची भिंत पाडली जाणार आहे. पाहायची असल्यास एप्रिल संपण्याच्या आत यावे.' पत्र पेटीत टाकल्यावर तिला वाटलं, कशाला लिहिलं. मग वाटलं, एकटीनं त्या कोठीत उभं राहण्यापेक्षा बरं.

लायल सतरा एप्रिलला आला, बुधवारी, दहाला पाच कमी असताना. सडपातळ, सदऱ्याला इस्त्री, हातात केकचा डबा.

"मिसेस पास्को?"

"एव्हिस म्हणा. मिसेस पास्को म्हणजे माझी सासू, आणि ती फार कडक होती. केक कसला?"

"संत्र्याचा. बायकोनं दिलाय. म्हणाली, खेड्यात रिकाम्या हातानं जाऊ नका."

"शहाणी आहे. या, आधी नकाशा बघा."

लायल नकाशापुढं उभा राहिला. चाळीस रस्ते होते त्यात, सगळे सरळ, सगळ्यांना नावं. मध्यभागी मोठा चौक, भोवती बागा, एका कोपऱ्यात महाविद्यालयाची जागा.

"हा चौक कुठं आला?"

"तुम्ही गाडी लावलीत ना, तो."

"तिथं तर मेंढ्या होत्या."

"हो. चौकातल्या मेंढ्या."

तो हसला, मग थांबला. "म्हणजे हे काहीच झालं नाही?"

एव्हिसनं काचेवर बोट ठेवलं. गावाच्या बरंच खाली एक तिरकी रेघ होती. "ही पावसाची रेघ. सरकारचा मोजणीदार घोड्यावरून हिंडला, झुडपं बघितली आणि ही ओढली. हिच्या दक्षिणेला गहू पेरा, उत्तरेला पेरू नका, तिथं खारझुडपं आहेत, ती मेंढ्यांना सोडा. आपण उत्तरेला अकरा मैल आहोत. पण नेमकी पुढची चार वर्षं पाऊस बरा झाला. लोक म्हणाले, पाऊस नांगराच्या मागं येतो. आपण नांगरत गेलो की तोही येत जाईल. त्या चार वर्षांत हा नकाशा काढला."

"आणि मग?"

"मग पाऊस परत गेला. लोक राहिले."

लायल नकाशापासून वळला. "आमच्या घरी सांगतात, पणजोबांनी चांगला भाव बघून शेत विकलं आणि शहरात बेकरी टाकली. आजोबा फार अभिमानानं सांगायचे. म्हातारा धोरणी होता म्हणून."

एव्हिसला खोटं सांगता आलं असतं. पाहुणा चांगला होता, केक घेऊन आला होता. पण तिनं मधलं कपाट उघडलं आणि एक गंजलेली किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"विकलं नाही हो. तीन वर्षं ओळीनं काही आलं नाही. एकतीसच्या सप्टेंबरात ते गाडीला दोन घोडे जुंपून निघाले. घर कुलूप लावून बंद केलं, पण किल्ली कुलपातच ठेवली. पुढच्या माणसाला दार फोडावं लागू नये म्हणून. माझे सासरे आले अडतीस साली, तेव्हा ती तिथंच होती. सात वर्षांत कुणी हात लावला नव्हता."

लायलनं किल्ली उलटीसुलटी करून पाहिली. "मग बेकरी?"

"बेकरी नंतर टाकली असेल. मला माहीत नाही. मला माहीत नसतं ते मी सांगत नाही."

हे बोलून झाल्यावर तिला स्वतःचे शब्द ऐकू आले. तिनं कपाट बंद केलं, दोनदा.

बारा वाजता रॉस आपली मागं उघडी असलेली गाडी घेऊन आला. घर धोक्याचं, तेव्हा आपण बरोबर असल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा त्याचा हट्ट. त्यानं लायलशी हात मिळवला आणि त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"म्हणजे ज्यांच्या नावानं मी आयुष्यभर लोकांना रस्ता सांगितला, ते तुम्ही. मला वाटलं होतं जरा उंच असाल."

"रॉस, पाहुण्यांना नावं ठेवू नकोस."

"नावं कुठं? नाव आहेच की त्यांना."

फाटकाशी गुलाबी काकाकुव्यांचा थवा उठला आणि तारांवर जाऊन बसला. जमीन लाल, उघडी. यंदाही पाऊस नव्हता. दुसऱ्या कुंपणाच्या खांबावर पाऊस मोजायचं जुनं भांडं अजून तसंच होतं. एव्हिसनं तिकडं पाहिलं नाही.

घरात रॉसनं दोघांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं चढवली. पुढच्या खोलीत क्लेमचा पलंग ज्या खिडकीशी होता ती खिडकी चौकटीसकट वाकली होती. एव्हिस सरळ कोठीत गेली. पिठाचं पिंप होतं तिथंच होतं. त्याच्या मागं भिंत.

लायलनं फोनवर फोटो काढून पाहिला, तीन वेळा. दगडावर पेन्सिल, नुसती चमक यायची. शेवटी ठरलं की त्यानं विजेरी धरून वाचायचं आणि एव्हिसनं पिंपाच्या झाकणावर वही ठेवून लिहायचं. रॉस दारात टेकून उभा राहिला.

"एकोणीसशे नऊ. बावीस एप्रिल. शहाऐंशी."

"शहाऐंशी पॉइंट. इंचाचे शंभर भाग. मिलिमीटर चौऱ्याहत्तरनंतर आले."

"एकोणीसशे दहा. अकरा मे. एकशे चार."

लायलचा आवाज पोस्टमनचा होता, पत्ता वाचावा तसा स्पष्ट. एव्हिस लिहीत गेली. चौदा साली रेघ. एकोणीस साली रेघ. मग अठ्ठावीसपर्यंत बरं. एकोणतीस, रेघ. तीस, रेघ. लायल खाली वाकला.

"एकतीस. ही पण रेघ. पण ही जरा... इथं पेन्सिलचं टोक मोडलंय. तुकडा भिंतीत रुतलाय. बघा."

तिघांनीही पाहिलं. दगडाच्या खड्ड्यात शिशाचा काळा कण होता. त्र्याण्णव वर्षांपूर्वीचा.

"म्हातारा जायला निघाला होता," लायल हळूच म्हणाला. "घोडे जुंपलेले. कोण बघणार होतं? काहीही लिहिता आलं असतं, किंवा नसतं लिहिलं तरी चाललं असतं. पण आत येऊन रेघ ओढून गेला." त्यानं चष्मा काढून पुसला. "बेकरीपेक्षा हे बरं आहे."

त्यानंतर वीतभर भिंत कोरी होती. सात वर्षांची. त्या वर्षांतही कधी पाऊस पडला असणार, पण मोजायला कुणी नव्हतं. मग क्लेमच्या बापाचं जाड अक्षर. मग एकोणीसशे बासष्टपासून क्लेमचं, बारीक, उजवीकडं झुकलेलं. एव्हिस लिहीत होती. त्यांतल्या एकेका ओळीला तिच्यापाशी दुसरी एक ओळ होती. सदुसष्ट, ती ओळ लिहिताना क्लेमनं तिला उचलून पिंपावर बसवलं होतं. एकाहत्तर, मुलगी जन्मली. ब्याऐंशीची रेघ. त्या वर्षी मेंढ्यांना गोळ्या घालाव्या लागल्या आणि क्लेम दोन दिवस जेवला नाही.

"दोन हजार सतरा. तीस एप्रिल. तेरा. आता शेवटची. अक्षर बदललंय." लायलनं विजेरी जवळ नेली. "दोन हजार अठरा. नऊ मे. अठरा."

एव्हिसनं लिहिलं नाही.

"अठरा," लायल पुन्हा म्हणाला. "माझं चुकलं का?"

"तुमचं नाही."

त्या वर्षी एप्रिल कोरडा गेला होता. क्लेमच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं होतं. घरीच राहू दे म्हणून. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. तो बोलायचा थोडं, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचा. "बापानं चार रेघा ओढल्या, मी सहा. रेघ ओढून जायचं नाही मला, एव्ही. यंदाची ओळ लागू दे, मग बघू." आणि दिवस सरत होते आणि त्याचा जीव काही निघत नव्हता. वेदना वाढत होत्या. नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. बाकी एव्हिस. बारा रात्री ती खुर्चीत बसून होती.

नऊ तारखेला, बुधवारी, सकाळी नऊ वाजता ती नेहमीप्रमाणं खांबाकडं गेली. भांड्यात एक मेलेला पतंग होता. ती परत आली. रोज विचारायचा तसं क्लेमनं विचारलं, "किती?"

"अठरा," ती म्हणाली.

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. क्लेम बराच वेळ तिच्याकडं बघत होता.

"रात्री पडला?"

"पहाटे. तू औषधाच्या गुंगीत होतास. ऐकायची कानातली यंत्रं बशीत होती."

"कुठून आला?"

"वायव्येकडून."

"तळ्यात उतरलं का काही?"

"थोडं. तळ झाकलाय."

"आणि वास?"

"येतोय की. तुला औषधामुळं येत नसेल."

"मग उभी काय राहिलीस? लिही जा," तो म्हणाला, आणि तिनं जाऊन लिहिलं. 

त्या संध्याकाळी रॉस आला होता. 'माझ्याकडं वीस,' असं त्यानं दारातूनच सांगितलं आणि क्लेम हसला होता. "तुझ्याकडं नेहमीच दोन जास्त. तुझं भांडं वाकडं आहे." हा त्यांचा तीस वर्षांचा वाद होता. चुलीपाशी उभ्या एव्हिसला वाटलं, रॉसला आपलं खोटं कळलं आणि आजारी माणसाची दया येऊन त्यानं ते झाकलं. तिनं त्याला कधी विचारलं नाही. शनिवारी अकराला दहा कमी असताना क्लेम गेला. पाऊस आला असं समजून गेला, एवढ्यावर ती सहा वर्षं जगली होती.

हे सगळं तिनं कोठीत सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी पाऊस झाला नव्हता. क्लेम जायला टेकला होता, त्याला बरं वाटावं म्हणून मी लिहिलं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ती ओळ खोटी आहे."

लायलनं विजेरी खाली केली. "मिसेस पास्को, एका ओळीनं काय..."

"तुमचे पणजोबा रेघ ओढून गेले," ती म्हणाली. "तुम्हीच दाखवलीत आत्ता."

बाहेर एक पत्रा वाऱ्यानं खडखडला. मग दारातून रॉस म्हणाला, "त्यानं मला फोन केला होता."

"कोणी?"

"क्लेमनं. त्या सकाळी. साडेनऊ झाले असतील, तू कोंबड्यांकडं गेली होतीस. म्हणाला, रॉस, किती? मी म्हटलं, शिंतोडाही नाही. म्हणाला, एव्हीकडं अठरा झालाय. मी म्हटलं, काहीतरीच काय, मध्ये एकच तर कुंपण आहे आपल्या. तर म्हणाला, गाढवा, काल खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर धुळीत मी बोटानं रेघ ओढलीय. ती अजून तशीच आहे."

एव्हिसनं पिंपाचा काठ धरला.

"मी म्हटलं, मग? तर म्हणाला, बारा रात्री ती खुर्चीत बसलीय. ती म्हणते झाला, तर झाला. तुझ्याकडं वीस झालाय. संध्याकाळी ये आणि सांग. नीट सांग, तुला खोटं बोलता येत नाही." रॉसनं टोपी काढली, पुन्हा घातली. "आणि तिला कळू देऊ नकोस म्हणाला. मी नसतंच सांगितलं, एव्हिस. पण तू अशी उभी राहून..."

"गप्प बस, रॉस," ती म्हणाली. रागानं नव्हे.

लायल गाडीत पाण्याची बाटली राहिली म्हणून बाहेर गेला. बाटली त्याच्या खिशातच होती.

एव्हिस पिंपावर बसली, सदुसष्ट साली बसली होती तशी. तिला त्याचे प्रश्न आठवत होते. कुठून आला, तळ्यात उतरलं का, वास येतोय का. त्या तीन दिवसांत त्यानं आणखीही विचारलं होतं. कुंपणाशी पाणी साचलं का, कुत्री चिखलानं भरली का, टेकडीला हिरवी झाक आली का. तिला वाटलं होतं त्याला आशा आहे. ती एकेक उत्तर रचून देत होती आणि तो कोरड्या खिडकीशी पडून ऐकत होता. शुक्रवारी संध्याकाळी तो म्हणाला होता, "ओळ लागली, आता तू पलंगावर झोप." ती झोपली होती. सलग सात तास झोपली होती.

म्हणजे तो पावसाशिवाय गेला. सहा वर्षं जो पाऊस आपण त्याला दिला असं तिला वाटत होतं, तो त्याला मिळालाच नव्हता. त्यानं तिला झोप दिली होती आणि तिनं ती घेतली होती, कुणी दिली ते न कळता.

"मला वाटलं सांगितलं तर बरं वाटेल तुला," रॉस म्हणाला.

"बरं वाटण्यासारखं नाहीये ते."

"नाही का?"

"नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण सांगितलंस ते ठीक केलंस. लायलना बोलाव. बिचारे उन्हात उभे असतील."

लायल आला. एव्हिसनं वही पुढ्यात ओढली. तिनं वर्ष लिहिलं, दोन हजार अठरा, आणि त्यापुढं पट्टी न लावता एक रेघ ओढली. सरळ आली.

"भिंतीवर बदलायचं का?" लायलनं विचारलं. त्याच्या हातात पेन्सिल होती.

"राहू दे. ती त्याच्या सांगण्यावरून लिहिलीय. भिंतीबरोबर जाऊ दे."

निघताना लायलनं वाकून एकतीसच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शिशाचा तो कण नखानं काढावा की नाही असा क्षणभर थांबला. काढला नाही. फाटकाशी त्यानं विचारलं की किल्ली परत नेता येईल का. एव्हिस म्हणाली, "नाही. पण तुम्हाला हवी तेव्हा येऊन बघा. बुधवार, शनिवार." केकचा डबा तिनं धुऊन त्यात स्कोन भरून परत दिला.

घर एकोणतीस एप्रिलला पाडलं, सोमवारी. ती गेली नाही. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी करून पुसली.

मे जवळजवळ सगळा कोरडा गेला. तिनं वहीत दोन हजार चोवीस असं लिहून ठेवलं होतं, पुढं काही नाही. एकोणीसपासून तेवीसपर्यंतच्या ओळी तिनं नोस्के गेल्यावरच्या वर्षांसारख्याच कोऱ्या सोडल्या होत्या.

तीस तारखेला सकाळी नऊला फोन वाजला. गावात रात्री थोडं भुरभुरलं होतं, अंगण ओलं होईल न होईल इतकंच.

"चौदा," रॉस म्हणाला.

"कुठं चौदा?"

"पास्कोकडं. खांब तेवढा ठेवलाय मी. भांडंही."

एव्हिसनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तू स्वतः बघितलंस?"

"चिखलात उभा आहे, एव्हिस. एक बूट वर येत नाहीये."

"आणि तुझ्याकडं?"

तिकडं रॉस थोडा थांबला. "सोळा."

"तुझं भांडं वाकडं आहे," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं वही उघडली आणि तारीख लिहिली, मग आकडा. मग पेन्सिल हातात तशीच धरून ती बराच वेळ बसून राहिली. आकडा ज्याला वाचून दाखवावा, असं घरात कुणी नव्हतं.